दळायचं कशावर?

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही गुरुजी, पैजेवर सांगतो. या तिसगावात आजवर कुणी ठेवलेला नाही, आणि तुम्ही तर बदलून आलेले, शिकलेले माणूस. पण लाईट गेली आहे, तुमचा डबा रांगेत मागे आहे, आणि लाईट आल्याशिवाय या गिरणीत पीठ मिळत नाही. तेव्हा ऐका. नाहीतर या छगनच्या टेम्पोची कहाणी ऐकावी लागेल, आणि तिच्यात पंक्चर सोडून काही घडत नाही.

"आबा, माज्या टेम्पोला मधी आनू नका," छगन ओट्यावर पोत्याला टेकून बसला होता, तिथूनच म्हणाला. "आन् पंकज गुरुजी, तुमाला म्हनून सांगतो. भिमाजी आबांनी काय बी सांगितलं की निम्मं सोडून द्यायचं. उरंल त्यातलं बी निम्मं."

म्हणजे चार आणे तरी खरं राहतं. पुढाऱ्यांचं तेवढंही राहत नाही.

ही गिरणी आज ज्ञानेश्वर चालवतो, पण गावात तिला अजून गहिनीनाथची गिरणी म्हणतात. गहिनीनाथ त्याचा बाप आणि माझा लंगोटीयार. आणि ती आत उजेडाला खिडकीपाशी बसून सुपातली ज्वारी निवडते आहे ना, ती बनुबाई, गहिनीनाथची बायको. तिला इथलं सगळं ऐकू येतं. पण मी बोलायला लागलो की ती ऐकत नाही असं दाखवते. लग्न होऊन आली तेव्हापासून दाखवते आहे.

गहिनीनाथ कसा होता, तर पांढरा. जन्माचा काळा माणूस, पण आम्ही त्याला पांढराच पाहिला. भुवयांवरचं पीठ खरवडलं असतं तर एका माणसाची भाकरी झाली असती. त्याच्या गिरणीत एक काळी मांजर होती. ती सकाळी आत जायची आणि संध्याकाळी पांढरी होऊन बाहेर यायची. तिची पिल्लं तिला ओळखायची नाहीत, दूध प्यायला दुसरीकडे जायची.

"मांजर करडी हुती," छगन म्हणाला.

बघा. मांजर होती हे तरी कबूल केलं.

तर ते वर्ष एकोणीसशे नव्व्याण्णव. त्या वर्षी जग बुडणार होतं. तसं ते दरवर्षी कुणीतरी बुडवतंच, पण त्या वर्षी पेपरात आलं होतं, टीव्हीवर आलं होतं, म्हणजे नक्कीच. आषाढाच्या अवसेला ग्रहण लागलं तेव्हा एकदा बुडून झालं. त्या संध्याकाळी गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी दारं किलकिली करून पाहिलं, तर जग होतं तिथेच, आणि दुधात पाणीही होतं तेवढंच.

पुढे गणपतीत गहिनीनाथचा भाचा तुषार आला. तो नगरला सावेडीत राहायचा, कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. त्याने पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं. कॉम्प्युटर म्हणे सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहितो. नव्व्याण्णव संपलं की शून्य शून्य येणार. मग यंत्राला वाटणार, आपण अजून जन्मालाच आलो नाही. आणि ते बंद पडणार.

"मंग पडंना," मच्छिंद्र पाटील म्हणाला. "आपल्याकडं कुठं हाय कांपूटर?"

"मामा, सगळं त्याच्यावरच चालतं आता. बँक, टेलिफोन, विमान, लाईट..."

"लाईट?" गहिनीनाथ म्हणाला. बाकीचं त्याने ऐकलंच नसावं.

गुरुजी, तुमच्यासारख्यांना हसू येईल. पण आमच्या गावाला वाईट काळ म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आम्ही बहात्तर पाहिलेला. आभाळ कोरडं, विहिरी कोरड्या, सरकारची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेले. त्या मिलोची भाकरी इतकी कडक असायची की वाऱ्याने कौल उडालं तर लोक तिथे भाकरी बसवायचे. असं ज्यांनी पाहिलं, त्यांना कुणी नुसतं म्हटलं की बाबांनो दिवस फिरणार आहेत, की ते वाद घालत नाहीत. ते उठतात आणि कणगी झाडायला लागतात.

सगळ्या गावाने तयारी केली. श्रीमंत नावाच्या वाण्याने वर्षानुवर्षं न खपलेल्या मेणबत्त्या खपवल्या, उंदरांनी कुरतडलेल्यासुद्धा. बायकांनी हरभऱ्याचा वाळला पाला, खारवड्या, सांडगे असं उतरंडीला भरून ठेवलं. मच्छिंद्र पाटलाने ज्वारी पुरायला जुन्या पद्धतीचं पेव खणायला घेतलं. आणि ते त्याने भीतीपोटी इतकं खोल खणलं की खाली पाणी लागलं. दुष्काळाची तयारी करता करता माणूस बागायतदार झाला.

"आबा, ती विहीर त्याच्या आज्याची हाय."

तू तेव्हा टेम्पोखाली झोपला होतास. ऐक.

एका संध्याकाळी पारावर अशीच चर्चा चालली होती. कुणाकडे किती पोती, कुणाकडे किती रॉकेल. गहिनीनाथ गिरणी बंद करून येऊन बसला. फडक्याने तोंड पुसलं. खोकला. त्याला खोकला कायमचाच होता, आम्ही तो ऐकायचो नाही, घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तसा. मग म्हणाला,

"ज्वारी भरशीला. लई ग्वाड. दळायचं कशावर?"

गुरुजी, एवढी माणसं, त्यात सरपंच झालेली दोन, पण ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. दाणा वर्षभर टिकतो, पीठ टिकत नाही. आणि लाईट गेली म्हणजे गिरणी गेली. जाती तर गावातून केव्हाच हद्दपार झालेली. कुणाच्या उंबऱ्याची पायरी झालेलं, कुणी त्याच्या भोकातून दावं ओवून म्हैस बांधलेली, कुणी आडावर घागर टेकवायला ठेवलेलं.

"मंग काय, दानं भिजवून खायाचं का बैलावानी?" श्रीमंत म्हणाला. सगळे हसले. गहिनीनाथ हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुपारची गिरणी बंद ठेवायला सुरुवात केली आणि टाकी-हातोडी घेऊन घरोघर फिरू लागला. गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग त्यांना टाकी मारून खरखरीत करावं लागतं. ते काम त्याच्या हातचं होतंच. गावातली जाती शोधायची, मातीतून उपटायची, धुवायची, टाकी मारायची, नवा खुंटा ठोकायचा आणि घरच्या बाईला सांगायचं, वापरू नका, पण असू द्या. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने तोडणारा दुकानदार तुम्ही पाहिला आहे? मी एकच पाहिला.

आता तुम्हाला वाटेल, बायकांनी त्याला ओवाळलं असेल. छे. चांगुणाबाईच्या दारात मी त्याच्याबरोबर होतो. म्हातारी चांगली कणखर, तोंडाने तर टाकीपेक्षा धारदार. त्याने पायरीचं जातं उकरायला घेतलं तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गहिनीनाथा, हात लावू नगंस. हे घरातनं भाईर काडाया मी सासू मरायची वाट बगितली. आन् तू परत आत आनतूस व्हय?"

"मावशे, येळ सांगून येत न्हाई."

"येऊ दे येळ. माज्या खांद्याचं काय झालंय ते बगितलंस? हात वर जात न्हाई. चाळीस वर्सं ह्या धोंड्यानं वडलाय त्यो. आन् तू गिरनी आनलीस तवा मीच तुला नारळ दिलता. दिलता का न्हाई?"

"दिलता."

"मंग?" ती जरा जवळ आली. आवाज खाली केला, पण तेवढाही पलीकडच्या आळीत ऐकू गेला. "एक कर. आदी तुज्या बायकूच्या हातात खुटा दे. बनुबाई जात्यावर बसली म्हनून माज्या कानावर आलं, की मी बी बसंन."

गहिनीनाथने जातं तसंच पायरीला ठेवून टाकी-हातोडी उचलली आणि निघाला. हे वाक्य गावभर झालं. ज्या दारात जाईल तिथे तेच. आधी तुमच्या घरात, मग आमच्या.

आणि नेमकं तेच त्याला जमणारं नव्हतं. का, ते सांगतो. यात काही मीठमसाला नाही, छगन, तू मध्ये बोलू नकोस.

बहात्तरच्या दुष्काळात बनुबाई नवी नवरी. दिवसभर बंधाऱ्याच्या कामावर माती वाहायची, आणि पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचं दळायचं. मिलो दाणा कडक, एका हाताने जातं ओढलं जायचं नाही, दोन्ही हात लावून, उठून गुडघ्यावर येऊन ओढायची. पोटात पहिलं लेकरू. गहिनीनाथ तेव्हा नगरला एका गिरणीत हमाली करायचा. तो बाजारच्या दिवशी घरी आला तेव्हा लेकरू राहिलं नव्हतं. आणि बनुबाई जात्यावर बसलेली होती, कारण घरात खाणारी तोंडं तेवढीच होती.

त्याने खुंट्यावरचा तिचा हात सोडवला. जात्याचे दोन्ही दगड उचलून न्हाणीजवळ नेऊन पालथे घातले. आणि म्हणाला, "ह्या घरात ह्येचा आवाज परत निघायचा न्हाई." बस्स, एवढंच. पुढे इथे गिरणी आणेपर्यंत कित्येक वर्षं तो नगरहून एसटीने पीठ आणायचा. पिशवी कधी खाली ठेवली नाही. मांडीवर घ्यायचा, लेकरासारखी.

तेव्हापासून बनुबाई त्या पालथ्या जात्यावर धुणं धुवायची. आता ह्या माणसाने तिला कोणत्या तोंडाने म्हणावं, की ते सुलटं कर?

त्याने म्हटलं नाही. दुसरा मार्ग काढला. मारुतीच्या देवळापुढे, सगळ्या गावादेखत दळून दाखवायचं ठरवलं. बाप्यामाणसाने जातं ओढून दाखवलं म्हणजे बायका लाजेने तरी ऐकतील. मच्छिंद्र पाटलाच्या म्हशीचं जातं सोडवून आणलं होतं, त्याला टाकी मारली होती. गहिनीनाथ मांडी घालून बसला. पायलीभर ज्वारी. गाव जमलं. जातं असं काही गडगडलं की वृद्धेश्वराच्या डोंगरावर लोकांना वाटलं पाऊस येतोय, त्यांनी वाळवणं आत घेतली. पीठ पडलं. तिथेच चूल मांडून चांगुणाबाईने नाक मुरडत भाकरी थापली आणि पहिला तुकडा मच्छिंद्र पाटलाला दिला.

कर्रकन आवाज झाला. पाटलाने तोंडात बोट घातलं. त्याचा उरलेला एकुलता एक दात त्या बोटावर बाहेर आला.

"गहिन्या!" पाटील बोबडं ओरडला. "जग बुडायच्या आदी मलाच बुडवलास की रं!"

सगळी भाकरी कचकचत होती. पिठात दगडाची बारीक कच. गाव हसून हसून लोळलं. गहिनीनाथ जात्यापाशी बसूनच राहिला, हात पिठात. आणि तेव्हा गर्दीच्या मागून बनुबाई आली. ती आलेली आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. वाकली. जात्याचा वरचा दगड मला उचलायला लावला, आणि खालच्या दगडावर नुसतं एक बोट फिरवलं.

"गिरनीच्या दगडावानी टाकी मारली तुमी. खोल. हातजात्याला इतकी न्हाई चालत, निस्तं टोचायचं असतंय. आन् टाकी मारल्यावर पयलं दळान गुरांला घालायचं असतंय. मानसाला न्हाई."

"तू सांगितलं न्हाईस," गहिनीनाथ म्हणाला.

"तुमी इच्यारलं न्हाई."

एवढं बोलून पदराला बोट पुसून ती गेली. तिने खुंट्याला हात लावला नव्हता, हे सगळ्या गावाने पाहिलं. सगळ्यात नीट चांगुणाबाईने.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जेवायला बसला की विचारायचा. किती खोल? कडेला जास्त की मध्ये जास्त? खुंटा बाभळीचा की लिंबाचा? ती चुलीकडे तोंड करून उत्तरं द्यायची. मी कितीदा तिथे होतो. गुरुजी, इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं एवढं कधी बोलली नव्हती. जग बुडण्याचा हा एक फायदा.

मग पितरपाटात त्याचा खोकला वाढला. ओट्यावरून गिरणीत जाईपर्यंत दम लागायचा. मी त्याला ओढून नगरला नेलं. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, उजेडाला धरून पाहिला. मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. मला एक कळतं. बैल वाचणार नसला की डॉक्टर बैलाकडे बघत नाही, मालकाकडे बघतो. हा डॉक्टर सगळा वेळ माझ्याकडे बघून बोलत होता. पीठ आत जाऊन बसलंय म्हणाला. गिरणी सोडा म्हणाला. गोळ्या लिहून दिल्या.

परत येताना एसटीत गहिनीनाथ खिडकीपाशी बसला होता. करंजीचा घाट चढताना गाडी कण्हत होती आणि तोही. घाट संपल्यावर म्हणाला,

"भिमा, खरंच लाईट जाईल का रं?"

"काय सांगावं. तुषार म्हणतो जाईल."

"गेली पायजे."

"का रे बाबा? लोकांचं वाटोळं का चिंततोस?"

"गेली तर तिला वाटंल, आपला नवरा शाना हुता. न्हाई गेली तर वाटंल, निस्ता धोंडं उचलीत फिरला." मग खोकला. मग म्हणाला, "तिला म्या कंदीच दळू दिलं न्हाई. आता मला वाटतंय, चुकलं का काय. ज्ञाना गिरनी चालवंल, न्हाई चालवंल. लाईट ऱ्हाईल, न्हाई ऱ्हानार. तिच्या हाताला तिचं पीठ पायजे. कुनाची वाट बगायला नगं. एकदा बसलेली बगितली, की झालं."

"मग सांग ना तिला तसं."

"शबूद दिलाय तिला. म्या कसा मोडू? तिनंच मोडाया पायजे."

मी ड्रेसर माणूस. जनावराला तोंड बांधून औषध पाजायचं मला ठाऊक. अशा दुखण्यावर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला पारले बिस्किटाचा पुडा काढून दिला. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून पिठाचा पांढरा हात वाऱ्यावर झटकला. तिसगावापर्यंत सगळा रस्ता पांढरा झाला. अजून दिसतो, नीट पाहिलं तर.

या वेळी छगनने हरकत घेतली नाही.

दिवाळी आली. बनुबाई भाऊबिजेला खर्ड्याला भावाकडे गेली. ती एसटीत चढली तसा हा न्हाणीपाशी गेला. ते जातं त्याने एकट्याने सुलटं केलं. मी म्हटलं मला हाक का मारली नाहीस, तर म्हणाला, पालथं म्या एकल्यानंच घातलं हुतं. इतक्या वर्षांचा साबण आणि शेवाळ राखेने घासून काढलं. टाकी मारली, पण कशी, तर पाखराने चोच मारावी तशी. तीन ठोके मारायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. पहिलं दळण गाईला घातलं. बाभळीचा खुंटा तासला आणि काचेच्या तुकड्याने घासून घासून असा केला की रेशमाने लाजावं.

तुषार दिवाळीला मामाकडे आला होता. तो म्हणाला, "मामा, कशाला एवढा त्रास घेता? आता काही होणार नाही. तिकडे सगळ्या कॉम्प्युटरची दुरुस्ती झाली."

"बरं झालं," गहिनीनाथ म्हणाला. "त्यांची तरी झाली." आणि पुन्हा घासायला लागला.

बनुबाई खर्ड्याहून आली. पिशवी ठेवून पाय धुवायला न्हाणीकडे वळली आणि थांबली. जातं आत पडवीत मांडलेलं होतं, खाली पोतं अंथरलेलं, खुंटा ठोकलेला. गहिनीनाथ उंबऱ्यात बसला होता. मीही होतो, मला उठून जायचं सुचलं नाही.

तिने जात्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं.

"आता धुनं कशावर धुवू?" ती म्हणाली.

"शहाबादी आनतो," तो म्हणाला.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी छगनच्या टेम्पोतून फरशी आणली. ती न्हाणीपर्यंत न्यायला त्याला वाटेत किती वेळा बसावं लागलं ते छगनला विचारा. विचारू नका. छगन बघा कसा खाली बघायला लागला. पण जात्यावर ती बसली नाही. झाडलोट करताना त्याच्या भोवतीने झाडायची. तो रोज पडवीत खाट टाकून निजायचा, जात्याशेजारी, आणि रोज तिच्याकडे बघायचा. मागायचा नाही.

आता खरी गोष्ट इथून आहे, गुरुजी. ज्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, ती.

एकतीस डिसेंबर गेला. पहिली तारीख उजाडायच्या आत, पहाटे, लाईट गेली. अशी तशी नाही. तिसगावची गेली, पाथर्डीची गेली, नगरची गेली. सावेडीतल्या बंगल्यांमध्ये माणसं एकमेकांवर आपटली. मुंबईत समुद्राच्या लाटासुद्धा थांबल्या, त्यांनाही तारा जोडलेल्या असणार. टीव्ही बंद, टेलिफोन बंद, विमानं वरच्या वर झाडांवर बगळ्यांसारखी बसली. सगळीकडे काळोख आणि माणसं ज्वारीची पोती कवटाळून रडताहेत. दाणे आहेत, पीठ नाही!

आणि तेव्हा या गावात काय झालं? घर्र, घर्र. पहिलं जातं वाजलं. मग चांगुणाबाईचं. मग पाटलाच्या घरचं. मग सगळी आळी, सगळं गाव. असा आवाज की देवळातली घंटा आपोआप हलायला लागली. सकाळी बघतो तर नगरहून स्कूटरवर लोक डबे घेऊन येताहेत! थेट तिसगाव ते करंजी घाट रांग. सावेडीच्या बायका चांगुणाबाईच्या पाया पडताहेत, की मावशी, एवढं पायलीभर दळून द्या. पाटील बोळक्या तोंडाने सगळ्यांना सांगतोय, आमचा गहिनीनाथ, आमच्या गहिनीनाथचं डोकं!

पण पहिलं जातं कुठलं वाजलं, ते सांगतो. मी स्वतः पाहिलं. पडवीत चिमणी लावलेली. बनुबाई जात्याच्या या बाजूला, एक पाय लांब सोडून. आणि समोर गहिनीनाथ. खोकला नाही, दम नाही, वीस वर्षांचा असावा असा ताठ. एकाच खुंट्यावर दोघांचे हात. खाली तिचा, वर त्याचा. ती दाण्यांचा घास घालते आहे, तो ओढतो आहे. पीठ असं पडत होतं, जसं चांदणं. आणि तो तिला म्हणाला, बघ, म्हटलं होतं ना मी, लाईट जाणार. आणि ती हसली, आणि म्हणाली...

"भावजी."

सूप खाली ठेवून बनुबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"गुरुजींना खोटं कशाला सांगता? लाईट कुटं गेल्ती? रस्त्यावरचं दिवं सुदिक जळत हुतं, आन् गिरनी बी चालू हुती. आन् ह्यांना तर दत्तजयंतीच्या आदीच पोचवलं आपन. तुमीच खांदा दिलता." तिने पदराने हाताचा कोंडा झटकला. "समूर कुनी न्हवतं. पयल्या तारखेला पहाटं जात्यावर मी एकलीच बसले हुते. खुटा खालनं धरला हुता, वरची जागा मोकळी ठिवून."